फटीचे माप

त्या राज्यात धनेश पक्षी राहत आणि पिल्लांना ढोलीत वाढवत. जुनी चाल अशी होती की अंडे घालायच्या आधी मादी उंच झाडाच्या ढोलीत शिरे आणि चिखलाने ढोलीचे तोंड आतून लिंपून घेई. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी राही. त्या फटीतून नर फळे भरवी. आत बसलेल्या मादीची उडायची पिसे गळून जात, त्यामुळे पिल्लू मोठे होईपर्यंत तिला कुठे जाता येत नसे.

मग राज्यात डिंकाचे मणी आले. मण्यात साऱ्या रानांची चित्रे हलत, दूरदूरच्या कुणाशीही बोलता येई. मणी समोर ठेवला की पिल्लू गप्प बसे. आयांना हायसे वाटले. आता कोंडून कशाला घ्यायचे, असे म्हणत त्या बाहेर पडल्या आणि ढोल्या बाहेरून लिंपल्या जाऊ लागल्या. मोठ्यांच्या पंजातही एकेक मणी आला, काही नरांच्या तर दोन.

पुढे फटीतून उदमांजर शिरेल म्हणून पंचांना पिल्लांची काळजी वाटू लागली. फट किती असावी यावर सात दिवस सभा चालली. कुणी म्हणे एक चोच, कुणी म्हणे दीड. निम्मे पंच मण्यात डोके घालून बसले होते, पण तसे कुणी कुणाला म्हणाले नाही. अखेर एक चोच हे माप ठरले आणि सगळे मोकळ्या मनाने उडून गेले.

भुरी नावाची मादी या बाबतीत फार काटेकोर होती. तिच्या एकुलत्या पिल्लाचे, टिकलीचे, ढोलीतले दिवस चालू होते. रोज सकाळी भुरी फट मापी, फळ आत सरकवी आणि समोरच्या फांदीवर आपला मणी घेऊन बसे. शेजारणी तिचे नाव घेऊन इतरांना चार गोष्टी सुनावत.

एके सकाळी फट दीड चोच भरली. भुरीने ती लिंपली. दुसऱ्या दिवशी ती दोन चोची भरली. चिखल आतून कोरलेला होता. खाली सालीवर उदमांजराच्या नखांचे ताजे ओरखडे होते आणि ते ढोलीच्या जेमतेम पंखभर खाली थांबले होते.

"फट कुणी मोठी केली?" तिने विचारले.

"मी," टिकली आतून म्हणाली. "मण्यातला मित्र म्हणाला, थोडी मोठी कर, मी भेटायला येतो. तो माझ्याएवढाच आहे."

"तू पाहिलंयस त्याला?"

"नाही. पण तो रोज बोलतो माझ्याशी."

भुरीने आपल्या पंजातल्या मण्याकडे पाहिले. तिला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात हे ऐकत तिचा नर खडक्या चिखल घेऊन आला. "आता अर्धीच चोच ठेवू," तो म्हणाला. "आणि मणी काढून घेऊ."

"मग तिनं खायचं कसं? आणि मणी काढला, तरी बाहेर पडल्यावर शेजारच्या ढोलीत आहेच." भुरीने आपला मणी फांदीच्या बेचक्यात ठेवून दिला. "मी आत जाते."

"पिसं जातील तुझी. किती दिवस उडता येणार नाही."

"ठाऊक आहे. तू चिखल आणत राहा."

तिने भिंत फोडली, आत शिरली आणि आतून लिंपायला बसली. टिकली दोन दिवस पाठ करून कोपऱ्यात फुरंगटून बसली. भुरीने चिखल थापणे सोडले नाही की ती रागावलीही नाही. तिसऱ्या दिवशी ती टिकलीशेजारी सरकली. "दाखव बघू, काय बघतेस," ती म्हणाली. टिकलीने मणी मध्ये ठेवला. खडक्याला रोज फटीतून बाहेर ढकललेले एखादे पीस दिसे.

एका भर दुपारी, सारे राज्य मण्यांत गुंगले असताना, उदमांजर आले. झाडाखाली पडलेली लांब पिसे त्याने तुडवली, पण त्यांच्याकडे पाहिले नाही. ते सरसर खोड चढले आणि ढोलीशी तोंड नेऊन कोवळ्या आवाजात म्हणाले, "टिकली, मी आलोय. फट जरा मोठी कर."

फटीतून चोच बाहेर आली. ती भुरीची होती.