केवडापूरने परत केलेला मान

डोंगरांच्या पलीकडे, जिथे दोन नद्या शेजारीशेजारी वाहतात, तिथे फार पूर्वी दोन मोठी शहरं होती. एक केवडापूर आणि दुसरं उंबरकोट. दोन्हीकडे सुबत्ता होती आणि माणसं कष्टाळू होती. फक्त एकमेकांचं नाव निघालं की दोन्हीकडच्या लोकांच्या कपाळावर आठी पडायची.

त्या काळी बारा देशांचे खेळाडू दर काही वर्षांनी एकत्र येत. धावण्याच्या शर्यती होत, कुस्त्या होत, होड्यांच्या शर्यती होत. हा महामेळा कुठे भरवायचा हे पंचमंडळ ठरवत असे आणि ज्या शहराला तो मान मिळे, त्याचं नाव बारा देशांत गाजत असे. त्या वर्षी हा मान मागायला केवडापूरचे नगरप्रमुख दौलतराव गेले आणि उंबरकोटच्या नगरप्रमुख कमळजाबाईही गेल्या.

दौलतराव मनाने चांगले होते. शहरात कोणाच्या घरी लग्न असो की आजारपण, ते हजर असत. पंचांसमोर उभे राहिले तेव्हा त्यांनी ठरवून आणलेलं बोलणं नीट मांडलं. मग कमळजाबाई उठल्या आणि म्हणाल्या, उंबरकोटचं मैदान केवडापूरच्या दुप्पट असेल. हे ऐकून दौलतराव पुन्हा उठले. आमच्या मैदानाला दगडी पायऱ्या असतील, लाख माणसं सावलीत बसतील, असं ते बोलून गेले. कमळजाबाईंनी संगमरवरी रस्त्याचं आश्वासन दिलं, तर दौलतरावांनी बारा देशांच्या खेळाडूंसाठी बारा वाडे कबूल केले. टाळ्या वाजत होत्या. प्रत्येक टाळीबरोबर पुढचं वाक्य आपोआप तोंडातून निघत होतं. संध्याकाळी पंचांनी केवडापूरचं नाव पुकारलं.

शहराने दौलतरावांना वेशीपासून मिरवत नेलं. घरोघरी साखर वाटली गेली. वेशीवर मोठा फलक लागला.

आठवड्याभरात गवंडी आणि मिस्त्री कामाला लागले. एवढं मोठं मैदान बसेल अशी जागा शहरात एकच होती. ती म्हणजे मधलं तळं, ज्याचं पाणी नदी आटल्यावर सारं शहर पीत असे, आणि त्याच्या काठची कुंभारआळी. तळं बुजवायचं आणि आळी हलवायची, असं मिस्त्रींनी सांगितलं. दौलतरावांनी मान डोलावली. जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या.

एके सकाळी दौलतराव काम पाहायला गेले. कुंभारआळीत कोणी भांडायला येईल, अशी त्यांची तयारी होती, पण कोणीच आलं नाही. गवराई नावाची म्हातारी कुंभारीण आपल्याच छपरावरची कौलं उतरवून एकावर एक रचत होती. त्यांना बघून तिने पदर सावरला आणि बसायला पाट दिला.

"आजी, वाईट वाटत असेल ना?" दौलतरावांनी विचारलं.

"वाटतं तर. पण तुम्ही शहराच्या वतीने शब्द दिलाय. मग तो माझाही झालाच की," गवराई म्हणाली. "एवढंच सांगा, पावसाच्या आधी दुसरं घर मिळेल ना?"

"मिळेल," दौलतराव म्हणाले.

गवराईचा चेहरा खुलला आणि ती पुन्हा कौलं उतरवायला लागली. दौलतराव मात्र पाटावरून उठू शकले नाहीत. घर कुठे मिळणार, कोण बांधणार, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तळं बुजल्यावर शहर पाणी कुठलं पिणार, हेही त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं. पंचांसमोर जशी जीभ सैल सुटली होती, तशीच ती आत्ता या म्हातारीसमोर सुटली होती. आणि तिने त्या एका शब्दावर विश्वास ठेवून स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर काढायला घेतलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सरकवलं. त्यांची पत्नी सगुणाबाई समोर बसली आणि ते बोलेपर्यंत थांबली. शेवटी त्यांनी सगळं सांगितलं. मान परत करावा असं वाटतं, पण तोंड कसं दाखवायचं, असं ते म्हणाले.

"भीती कसली वाटते?" तिने विचारलं.

"लोक हसतील. उंबरकोटवाले तर वर्षानुवर्षं हसतील."

"हसू देत," सगुणाबाई म्हणाली. "हसून झालं की लोक आपापल्या घरी जातात. कुंभारआळीला मात्र जायला घर उरणार नाही."

दौलतरावांनी आधी कुंभारआळीतलं काम थांबवलं आणि मग घोडागाडी जुंपायला सांगितली.

पंचांच्या गावाच्या वाटेवर एक गुऱ्हाळ होतं. तिथे ते रस प्यायला उतरले, तर बाकावर नेमक्या कमळजाबाई बसलेल्या. माघारी वळावं असं दौलतरावांना वाटलं, पण कमळजाबाईंनी त्यांना पाहिलं होतं. हरलेल्या माणसाच्या मानाने कमळजाबाई फारच टवटवीत दिसत होत्या. त्यांनी सरकून जागा दिली आणि कुठे निघालात, असं विचारलं. दौलतरावांना खोटं बोलवेना. त्यांनी सांगून टाकलं.

कमळजाबाई हसतील असं त्यांना वाटलं. त्या हसल्या नाहीत. हातातला पेला खाली ठेवून त्या म्हणाल्या, "खरं सांगू का दौलतराव? त्या दिवशी तुमचं नाव पुकारलं आणि माझा जीव भांड्यात पडला. संगमरवराचा रस्ता मी कुठून आणणार होते? आमच्याकडे साध्या रस्त्यालाही खडी पुरत नाही."

"मग बोललात कशाला?"

"तुम्ही बोलत होतात म्हणून."

मग कमळजाबाईंनी विचारलं, मी सोबत येऊ का? एकट्याने जाऊ नका. पंचांनी मलाही विचारलं, तर मीही सांगेन.

अशा रीतीने दोन्ही शहरांचे प्रमुख एकाच गाडीतून पंचांच्या दारात उतरले. थोरल्या पंच म्हणजे एक उंच, पिकल्या केसांच्या बाई. तरुणपणी त्या स्वतः याच मेळ्यात धावल्या होत्या. दौलतरावांनी हात जोडले आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की, केवडापूरने जे कबूल केलं ते केवडापूरला जमणार नाही. जमवायला गेलो तर शहराचं पाणी जाईल आणि गरिबांची घरं जातील. चूक शहराची नाही, माझी आहे.

कमळजाबाईंनीही आपलं सांगितलं.

थोरल्या पंच खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मी धावले ते नांगरून सपाट केलेल्या शेतात. लोक बांधावर बसले होते. लाख माणसांसाठी सावली आम्ही मागितली नव्हती हो. पण तुम्ही कबूल करत गेलात आणि आम्ही टाळ्या वाजवत गेलो. त्यात आमचंही चुकलंच."

नियम मात्र नियम होता. मान परत करणाऱ्या शहराला पुढच्या खेपेला तो मागता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. दौलतरावांनी ते मान्य केलं. मेळा एका बंदराच्या गावी ठरला. तिथे पूर्वी एकदा तो भरला होता आणि मैदान, पायऱ्या, धर्मशाळा सगळं धडधाकट उभं होतं. बाहेर पडताना दौलतरावांना जाणवलं की कितीतरी दिवसांनी आपण मोकळा श्वास घेतोय.

खरी परीक्षा अजून बाकी होती. केवडापुरात परतल्यावर त्यांनी भर चौकात लोकांना बोलावलं आणि झालेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. दौलतराव मान खाली घालून उभे राहिले.

मग मागून एक कासार म्हणाला, तळं बुजणार म्हणून मला घोर लागला होता, पण सगळे एवढे आनंदात होते की बोलायचं धाडस झालं नाही. शेजारचा त्याच्याकडे बघतच राहिला, कारण त्याचंही तेच होतं. तळ्यात होड्या चालवणारे म्हणाले, आम्हालाही तसंच वाटत होतं. मिस्त्रीसुद्धा म्हणाला की, एवढं मैदान माझ्याच्याने बांधून झालं नसतं. जो तो दुसऱ्याच्या आनंदाकडे बघून गप्प बसला होता. हळूहळू चौकात हसू फुटलं, आणि त्या हसण्यात कोणाचाही अपमान नव्हता. चार-दोन जण फुरंगटून निघून गेले, हेही खरं. पण दुसऱ्या दिवशी आळीतली कौलं परत चढवायला अर्धं शहर आलं. गवराई खाली उभी राहून, कोणतं कौल कुठे बसवायचं ते सांगत होती.

मेळा बंदरावर थाटात झाला. केवडापूरचे आणि उंबरकोटचे लोक बैलगाड्या जुंपून बघायला गेले आणि एकाच पायरीवर दाटीवाटीने बसले. उंबरकोटची एक मुलगी होडीच्या शर्यतीत पहिली आली, तेव्हा केवडापूरकरांचे घसे ओरडून बसले.

शेवटच्या दिवशी थोरल्या पंच तिथून जात होत्या. त्यांनी दौलतरावांना ओळखलं आणि थांबून विचारलं, "पुढची खेप सोडून त्याच्या पुढच्या वेळी मागणार का मान?"

दौलतरावांनी क्षणभर विचार केला. "आधी घरी जाऊन सगळ्यांना विचारतो," ते म्हणाले. "ते हो म्हणाले, तर येईन."

एवढ्यात कुस्तीची हलगी वाजली. सगुणाबाईने त्यांची जागा धरून ठेवली होती. ते घाईने वर गेले आणि तिच्या शेजारी ऐसपैस बसले.

या गोष्टीतून घ्यायचं ते इतकंच: दुसऱ्याला हरवायला दिलेल्या शब्दाचं ओझं आपल्याच माणसांच्या डोक्यावर येतं. ते पेलणार नाही असं कळलं, तर वेळेवर जाऊन तसं सांगावं. सांगताना वाटणारी लाज थोडाच काळ टिकते, आणि मन हलकं होतं ते कायमचं.