आठ सीटची जीप

रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांना मान डोलावणारी पोरं लागत, आणि सुलभा मगदूम त्यातली नव्हती. तिनं फळ्यावर एका गंधकाला सहा फ्लोरिन जोडले.

परीक्षक खेकसले, "गंधकाभोवती बारा इलेक्ट्रॉन? नियम आठाचा आहे! पूस, नाहीतर नापास करीन."

"पुसणार नाही, सर. तुम्ही वडापच्या जीपनं आलात ना? तिच्यावर आठ सीट लिहिलंय. बसले किती होते?"

"बारा," परीक्षक बोलून गेले.

"रिक्षात मावले असते?"

"छे!"

"गंधकाच्याच गटातला ऑक्सिजन म्हणजे रिक्षा, सर, आठाच्या वर घेत नाही. गंधक जीप. अणूच मोठा, म्हणून भोवती जागा होते."

परीक्षक गुरगुरले, "अगं, पण मी दाराला लोंबकळत होतो!"

"पोचलात की, सर!"

परीक्षकांनी तिच्या नावापुढं पास लिहिलं.