घोणगडाचं टाकं आणि तिम्मा वडार

गडावर आलात, टाक्याचं पाणी प्यालात, गार लागलं. फोटो नंतर काढा. आधी खाली गावाकडं बघा. अख्खा डोंगर काळ्या दगडाचा, आणि घोणवाडीत घडीव दगडाचं एक घर दाखवा. जोतं नाही, उंबरा नाही, देवळाची पायरीसुद्धा नाही. सगळी माती, नाहीतर विटा. वडार या गावात दगडाला हात लावत नाही. त्याचं कारण असं सांगतात.

कंपनीचं राज्य नवीन होतं. गडाची राखण करणाऱ्या घोणवाडीकरांची नोकरी कंपनीनं काढली, इनामाच्या जमिनीही घेतल्या. त्यांचा नाईक सटवोजी काटकर तीन वर्षं अर्ज करत हिंडला. गाव नुसतं धुमसत होतं. ओसरीवर बसून शिव्या द्यायच्या, शिपाई दिसला की गप्प. चौथ्या उन्हाळ्यात हुकूम आला: गडावर पुन्हा कुणी ठाण मांडू नये म्हणून टाकं सुरुंगानं फोडा. खालच्या विहिरी तर माघातच आटायच्या. टाकं गेलं की गाव उठलंच.

सुरुंगाची भोकं पाडायला गोऱ्या साहेबानं तिम्मा वडाराला धरून आणला. ओढ्याकाठी त्याचं पाल होतं. बायको नागव्वा तिथं शिपायांच्या पहाऱ्यात. नाही म्हणायची सोय नव्हती.

तिम्मानं कातळावर ओला हात फिरवला. टाक्याच्या मागच्या भिंतीत दगडाला एक रेघ होती, तिरपी वर चढत जाणारी. वर कपारीचा मोठा पाखा छपरासारखा पुढं आलेला. तिम्मा बराच वेळ ती रेघ बघत बसला, म्हणे. मग त्यानं पहार लावली आणि भोक सरळ न पाडता त्या रेघेच्या अंगानं वर नेलं. दारूचा जोर टाक्यात न उतरता पाख्यात जावा म्हणून. दोन दिवस घण घातला. शिपाई बघत होते, पण त्यांना काय कळतंय?

गडकऱ्यांना तरी काय कळत होतं! त्यांना तलवार कळायची. दुसऱ्या दिवशी सटवोजी वर आला.

"काय रे तिम्मा, आमच्याच पाण्यावर उठलास? किती दिले गोऱ्यानं?"

दोन्ही बाजूंना शिपाई. तिम्मानं मान वर केली नाही.

"नाईक, दगड कुठं फुटायचा ते मला ठावं हाय. तुमी घरी जावा."

"बघ की, कसा ताठ्यात बोलतोय!" म्हणत सटवोजी थुंकला आणि उतरला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारू ठासली. "आता उभं कुठं राहायचं?" साहेबानं दुभाष्याकरवी विचारलं. तिम्मानं पाख्याखालची सावली दाखवली. "तितं तुकडा येत न्हाई." साहेब आणि वीस शिपाई सावलीत जाऊन उभे राहिले. लांब वात लावून एक शिपाई त्यांच्यात पळाला. तिम्मा पायऱ्या उतरू लागला.

खाली गडाच्या दरवाजात गाव उभं होतं. बंदूकवाल्यांवर हात उचलायची तीन वर्षं छाती झाली नव्हती. हा तर एकटा, रिकाम्या हातांचा, वडार.

"थांबा नाईक, उडू द्या, मग बोला," तिम्मा म्हणाला.

पहिला दगड सटवोजीनं मारला. मग सगळ्यांनी. तो पडला तरी थांबले नाहीत.

तेवढ्यात सुरुंग उडाला. धुरळा बसला तेव्हा पाखा खाली आला होता, साहेबासकट सगळे त्याखाली. टाकं तसंच भरलेलं, पाणी तेवढं हलत होतं. लोक एकदा टाक्याकडं बघत, एकदा पायरीवरच्या मढ्याकडं. मग सटवोजी वेड्यासारखा ओरडला आणि तलवार उपसून पायथ्याच्या चौकीवर धावला. गाव त्याच्या मागं. त्या बंडातली कंपनीविरुद्धची पहिली लढाई ती. पंधरा दिवसांत आणखी सात गड उठले, असं सांगतात. श्रावणापर्यंत सगळं चिरडलं गेलं, सटवोजी फासावर गेला.

चौकी पडली तशी नागव्वा सुटून वर आली होती. बायाबापड्या पाया पडायला लागल्या. तिनं पाय मागं घेतले, नवऱ्याचा घण उचलला.

"ह्या गावाचा दगड आमचा मानूस फोडनार न्हाई," एवढंच बोलली आणि पाल मोडून गेली.

आजही कुणी येत नाही. मागं ग्रामपंचायतीनं हुतात्म्यांचा खांब करायचा ठरवला, दुप्पट मजुरी देऊ केली. कारागीर आला, गावाचं नाव ऐकलं, त्याच एसटीनं परत गेला. शेवटी सिमेंटचा केला. त्यावर चौदा नावं आहेत. तिम्माचं नाही. सभेत विषय निघतो दरवर्षी. पण त्याचं नाव घालायचं तर तो कुणाच्या हातून मेला तेही लिहावं लागेल, आणि खांबावर पहिलंच नाव सटवोजी काटकराचं आहे.