शर्यतीकडे पाठ

नदीकाठच्या जंगलात एक हरिणी राहत होती. त्या वर्षी जगभरातल्या जंगलांचे खेळ तिथे भरायचे होते. बर्फातले याक येणार, वाळवंटातले उंट येणार, सातासमुद्रापलीकडून कांगारू येणार! पण बालमित्रांनो, पाहुणे आले की कामंही येतात. कोणी वाट दाखवायची, कोणी पाणी द्यायचं, कोणी गर्दी आवरायची. हरिणीने आपणहून स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. कोल्ह्यानेही दिलं. स्वयंसेवकांच्या गळ्यात झेंडूची माळ पडणार होती, आणि ती आपल्याला फार शोभेल अशी त्याची खात्री होती.

पुढे हरिणीच्या लेकीची धावण्याच्या शर्यतीसाठी निवड झाली. हरिणीला आनंद कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं. त्यात तिला कामाची जागा मिळाली ती थेट शर्यतीच्या वळणावर, वेलींचा दोर बांधला होता तिथे. तिला वाटलं, चला, लेक अगदी जवळून दिसेल! एवढ्यात कामं वाटणारा हत्ती म्हणाला, "तोंड गर्दीकडे, पाठ शर्यतीकडे. शर्यत संपेपर्यंत मागे वळायचं नाही."

"म्हणजे माझी लेक धावताना मला दिसणारच नाही?"

"शर्यत बघायला अख्खं जग आलंय, बाई. गर्दीकडे बघायला कोणीतरी नको का? तुला जमत नसेल तर आत्ताच सांग. मी रागावणार नाही."

हरिणीने इकडेतिकडे पाहिलं. दुसरं होतंच कोण? जो तो पुढची जागा पकडायला धावला होता. "राहते उभी," ती म्हणाली. पण मनातून ती खट्टू झाली. वाईट वाटणारच हो! लेकीची पहिलीच मोठी शर्यत, आणि ती आईनेच पाहायची नाही!

शर्यत सुरू झाली. हरिणीसमोर नुसते चेहरे. एक म्हातारं अस्वल, माकडांचा घोळका, पिल्लं घेऊन आलेली रानडुकरीण. त्या सगळ्यांच्या नजरा डावीकडून उजवीकडे सरकू लागल्या, तेव्हा हरिणीच्या ध्यानात आलं, अरेच्चा, यांच्या डोळ्यांवरून शर्यत कळते की! "शहामृग पुढे, शहामृग पुढे!" माकडं ओरडली. इतक्यात गुडघेदुखीने कण्हत बसलेलं ते अस्वल ताडकन उभं राहिलं. "अरे, ती आपली पोर बघा! काय धावतेय!" हरिणीचे कान आपोआप मागे वळले. एकदाच मान वळवली तर कोणाला कळणार होतं?

दोरापाशीच थोडा पलीकडे नेमलेला कोल्हा तर केव्हाच वळला होता. "अगं, बघ तरी! तुझीच लेक ना ती?" तो म्हणाला. त्याच वेळी त्याच्या पाठीमागे गव्याचं एक वासरू दोराखालून शिरलं आणि थेट शर्यतीच्या वाटेवर निघालं. कोल्ह्याला पत्ताच नाही! पण हरिणीचं तोंड गर्दीकडे होतं, म्हणून तिला ते दिसलं. तिने झेप घेतली आणि वासराच्या कपाळाला कपाळ लावून ती त्याला मागे रेटू लागली. मागून खुरांचा आवाज आला. तो आवाज कोणाचा, हे आईला सांगायला नको. पाठीला वारा लागला आणि आवाज पुढे निघून गेला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण वासरू दोराबाहेर जाईपर्यंत तिने मान काही वळवली नाही.

शहामृग पहिला आला आणि हरिणीची लेक दुसरी. धापा टाकत ती आईकडे आली. "आई, मला पाहिलंस?"

"कुठली पाहतेय!" कोल्हा मध्येच म्हणाला. "पाठ करून उभी होती. मी मात्र सगळी शर्यत पाहिली हं!"

"हो ना," हत्ती म्हणाला, "म्हणूनच ते वासरू आत शिरलं."

कोल्हा गळ्यातली माळ चाचपत बसला.

हरिणीने लेकीच्या अंगावरची धूळ चाटली. "पाहिलं गं बाळा. त्या अस्वलबाबांच्या डोळ्यांत पाहिलं."

"मीपण तुला पाहिलं," लेक म्हणाली. "वळणावर इतका धुरळा होता, की मला पुढचं काही दिसेना. भीती वाटली, थांबणारच होते मी. तेवढ्यात तुझी पाठ दिसली. म्हटलं, आई उभी आहे, म्हणजे वाट मोकळी आहे. मग नाही थांबले."

तात्पर्य : पाठ फिरवणं वेगळं आणि पाठ राखणं वेगळं. दुसऱ्याला निर्धास्त धावता यावं म्हणून जो शर्यत न पाहता उभा राहतो, त्याचाही त्या धावण्यात वाटा असतो.