जमिनीखालचं सुतक

लोखंडाच्या खाणीत दरड कोसळली आणि म्हाताऱ्या चिमाबाईचा एकुलता एक मुलगा राघू खालीच गाडला गेला. अग्नी द्यायला देह तरी मिळावा, म्हणून ती जहागीरदारांकडे गेली.

दसऱ्याच्या शस्त्रपूजेची तयारी बघता बघता ते म्हणाले, "दरड उपसत बसलो तर खाण बंद पडेल. आणि कायदा ठाऊक आहे ना? वरची माती रयतेची, जमिनीखालचं सगळं आमचं!"

चिमाबाई माघारी फिरली. दसऱ्याला भरल्या दरबारात आली ती गावचा न्हावी घेऊनच.

"हा कशाला?" जहागीरदार गरजले.

"सरकार, माझा राघू जमिनीखाली हाय, म्हंजी आता त्यो तुमचा. मग सुतक बी तुमचंच. शस्त्रास्नी शिवू नगा. क्रियेला बसायचं तर डोकं भादराया पायजे, म्हून ह्याला आणलाय."

कुणी हसलं नाही. भटजींनी पूजेचं ताट हळूच खाली ठेवलं.

त्याच दुपारी जहागीरदार स्वतः खाणीवर उभे राहिले आणि दरड उपसली गेली. राघूला वर आणलं, तेव्हा त्याच्या मुठीत लोखंडाचा दगड होता. चिमाबाईनं मूठ सोडवली आणि दगड जहागीरदारांच्या पायाशी ठेवला.

"ह्ये तुमचं, सरकार. माझं मी नेते."