राणूचा धावड्याचा दांडा

हत्यारं आपसात बोलायची त्या काळी राणूनं धावड्याच्या फांदीचा दांडा तासून कुदळीत बसवला. सावलीत वाळवलेलं लाकूड, वर तेल पाजलेलं. कामानं त्याला राणूच्या मुठीची खोबण पडली होती.

राणू वारला. कुदळ कोपऱ्यात पडून राहिली आणि उन्हाळ्यात दांडा सुकून सैल झाला.

"आता चुलीत जाणार तू!" शेजारी टेकलेली पहार हसली. "मी बघ, सगळी लोखंडाची."

एक दिवस राणूच्या धाकट्या भावानं, भिवानं, कुदळ उचलली. पहिल्याच घावाला ती डुगडुगली.

"तूपण सोडून चाललास?" तो दांड्यावर ओरडला आणि कुदळ ओढ्यात भिरकावून घरी गेला.

"दांडेदादा, मी निसटतेय!" कुदळ पाण्यात रडू लागली.

"थांब गं, मला जरा पाणी पिऊ दे."

भावाची कुदळ फेकल्याचं भिवाला रात्रभर लागून राहिलं; सकाळी तो धावत येऊन ओढ्यात उतरला. दांडा फुगून कुदळीत गच्च बसला होता. भिवाची बोटं आपोआप खोबणीत गेली, जणू कुणी हात हातात घेतला. त्यानं घाव घातला. कुदळ जराही हलली नाही.

"एवढं घट्ट कसं धरलंस रे?" संध्याकाळी कुदळ कोपऱ्यात परतल्यावर पहारीनं दांड्याला विचारलं.

"माझं काय त्यात? राणूनं लाकूडच तसं निवडलं होतं."