मोहाखालचा बाजार

फार वर्षांपूर्वी एका डोंगरावर मोहाच्या झाडाखाली बाजार भरायचा. साळिंदर कंद आणायचं, खार दाणे आणायची आणि सुगरण गवताच्या चटया विणून द्यायची. एके दिवशी कोल्हा सांगून गेला, "वाईट दिवस येताहेत, जपून राहा."

साळिंदर घाबरलं. ते सुगरणीला म्हणालं, "यंदा चटई नको गं बाई, जुनीच चालेल." काम गेल्यावर सुगरणीने खारीचे दाणे घेणं बंद केलं. मग खार साळिंदराला म्हणाली, "दाणेच खपत नाहीत दादा, तुझे कंद कशाच्या बदल्यात घेऊ?"

"म्हणजे कोल्हा खरंच बोलला!" साळिंदराने बिळाचं तोंड लिंपून घेतलं.

पुढे आपल्याच कंदांचा कुजका वास सहन होईना, तेव्हा ते बाहेर आलं. दुष्काळ कुठेच नव्हता. मोहाखाली फुलांचा खच पडला होता, पण वेचायला कुणी नव्हतं. बिळाबिळांतून डोळे मात्र त्याच्याकडे पाहत होते.

"कंद घ्या हो!" त्याने हाक मारली.

वेगवेगळ्या आवाजांत एकच उत्तर आलं, "यंदा नको, जुनेच चालतील."

साळिंदराच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला. ते धावत सुगरणीच्या झाडाखाली गेलं आणि उरलेला एकमेव चांगला कंद ठेवून म्हणालं, "बाई, चटई विणून दे."

बराच वेळ वर काही हललं नाही. मग पिसं झडलेली सुगरण धडपडत खाली आली. "विणते दादा. पण आधी थोडं खाऊ का?"

साळिंदराने कंद तिच्यापुढे सरकवला. मग ते तिच्यासाठी गवत वेचू लागलं. ते पाहून खार हळूच ढोलीबाहेर आली. तिच्या हातात मूठभर दाणे होते.